डावीकडे मी आहे

"किती दिवस लागतील, भन्तेजी?"

"कशाला?"

"मन पुन्हा पहिल्यासारखं झपाट्यानं चालायला."

भन्ते सुमेध चीवर वाळत घालत होते. दोरीवरची सुरकुती त्यांनी तळहातानं सारखी केली.

"पहिल्यासारखं म्हणजे किती झपाट्यानं?"

"अठरा."

"अठरा काय?"

"सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यातले अठरा. समोर शत्रू दिसल्यापासून माझा अंगठा दाबला जाईपर्यंत. आता बावीस लागून राहिले."

भन्तेजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवर बसून पुस्तकांची यादी करत होतो. साकोलीच्या पुढे, तलावाकाठच्या टेकडीवरच्या या विहारात मी ग्रंथालय सांभाळतो. त्याआधी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.

"चार शतांशांचा फरक आहे, भन्तेजी," मी म्हणालो. "पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो."

"आणि तेवढ्यासाठी हा नागपूरहून आला?"

"तेवढ्यात माणूस मरतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "खेळात."

त्याचं नाव निर्भय वासनिक. वय तेवीस. मोबाइलवरचा युद्धाचा खेळ खेळणं हा त्याचा पेशा. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्यानं समजावलं ते असं: एका बेटावर शंभर जण उतरतात. चौघाचौघांचे संघ असतात. सगळे एकमेकांना मारत जातात आणि शेवटी एकच संघ उरतो. मोठमोठ्या सभागृहांत सामने होतात, लाखो पोरं घरी बसून ते बघतात. त्याच्या संघात तो पुढे राहून गोळी झाडणारा होता.

"जिंकला कधी?" भन्तेजींनी विचारलं.

"दोनदा देशात पहिले आलो."

"आलो म्हणजे?"

"आम्ही. चौघं."

"बाकीचे तिघं कुठं आहेत?"

 संघानं एप्रिलमध्ये आपल्याला काढल्याचं त्यानं सांगितलं. एकोणीस दिवसांनी हैदराबादला एका दुसऱ्या संघाची निवड चाचणी होती. तिथं बावीसवाल्याला कोणी उभं करणार नाही. कुणी तरी सुचवलं होतं, ध्यानानं फरक पडतो.

"मला बाकी काही नको, भन्तेजी. फक्त ते चार कमी करून द्या."

भन्तेजींनी दोरीवरचं आसन काढून त्याच्या हातात दिलं.

"बस."

"कुठं?"

"जागा दिसेल तिथं."

तो बसला.

आणि कसा बसला! पहिल्याच दिवशी दोन तास. पाठ ताठ, मान स्थिर, नाकावर माशी बसली तरी हात हलला नाही. शाळेत इतकी वर्षं मुलांना 'नीट बसा' म्हणण्यात गेली माझी. मी कौतुकानं बघत राहिलो. दुसरा दिवस तसाच. तिसराही.

चौथ्या दिवशी भोजनदान आटोपल्यावर त्यानं स्वतःच विचारलं.

"माझ्याएवढं स्थिर इथं कोणी बसलं होतं का, भन्तेजी?"

"तू बसला कुठं?"

"...म्हणजे?"

"तू दबा धरून राहिला."

निर्भयचं तोंड लाल झालं. नंतर त्यानं मला सांगितलं की खेळात त्याचं नाव त्याच गोष्टीसाठी होतं. गवतात अकरा-अकरा मिनिटं निपचित पडून राहायचा. कोणाला सुगावा लागायचा नाही.

"कोणाची वाट बघून राहिला?" भन्तेजी म्हणाले.

"कोणाची नाही."

"बरं. त्या चारांत काय करतो?"

"कोणत्या चारांत?"

"तुझ्याच. अठराचे बावीस झाले ना? मधल्या चारांत काय करतो?"

"काहीच करत नाही. उशीर होतो, बस."

"उशीर रिकामा नसतो, बाबू. बघ त्यात काय आहे ते."

भन्तेजी उठून गेले. निर्भय तिथंच बसून राहिला. पण आता पाठ ताठ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भन्तेजी आवार झाडत होते. तो त्यांच्यामागं येऊन उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा.

"ऐकतो," तो म्हणाला.

झाडू चालूच राहिला.

"त्या चारांत मी ऐकतो, भन्तेजी."

"काय?"

"...'डावीकडे मी आहे.'"

झाडू थांबला.

"कोण म्हणतो असं?"

"पलाश."

मग तो बोलला. पायरीवर बसून, जमिनीकडे बघत, तुकड्यातुकड्यांनी.

पलाश मेश्राम गोंदियाकडचा. दोघं नागपूरला एकाच वसतिगृहात होते. हा खेळ निर्भयला शिकवला तो पलाशनं. पुढं दोघं एकाच संघात गेले. निर्भय पुढं जायचा, पलाश त्याची डावी बाजू धरायचा. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज यायचा, 'डावीकडे मी आहे.' तेवढं ऐकलं की निर्भयनं डावीकडे बघायची गरज नसायची. तीन वर्षं त्यानं तिकडं बघितलंच नाही.

"मग?"

"मग त्याचा अंगठा गेला."

दिवसाला बारा-बारा तास काचेवर अंगठे घासून पलाशच्या उजव्या अंगठ्याची शीर सुजली होती. संघाच्या घरात एकदा निर्भयला तो मोरीत दिसला. नळाखाली अंगठा धरून उभा होता, दात आवळून.

"त्यानं सांगितलं मला. फक्त मला. म्हणाला, फायनल होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला. कोणाला बोलू नको."

"आणि तू?"

"प्रशिक्षकांनी बोलावलं होतं मला. म्हणाले, फायनलआधी एक गडी बदलायचा आहे. तुझा खेळ पडला आहे या महिन्यात. तू की पलाश, ते ठरवून राहिलो..."

 तलावावरून टिटवी ओरडत गेली.

"मी सांगितलं त्याच्या अंगठ्याचं."

भन्तेजींनी झाडू दुसऱ्या हातात घेतला.

"खोटं नव्हतं ते, भन्तेजी. अंगठा खरंच गेला होता."

"मी खोटं म्हटलं का?"

"...नाही."

पलाशनं त्याच दुपारी बॅग भरली. जाताना निर्भयच्या खोलीशी थांबला होता, पण निर्भयनं कानाला हेडफोन लावून घेतला. त्यात काही चालू नव्हतं.

फायनल ते जिंकले. व्यासपीठावर निवेदिकेनं विचारलं, ऐन वेळी तुमचा जुना साथीदार बाहेर गेला, जड नाही का गेलं? निर्भयच्या हातात विजेतेपदाची ढाल होती. तो म्हणाला, 'दुखणं लपवणारा माणूस सगळ्या संघाला बुडवतो.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"त्यानं बघितलं असेल ते?" मी न राहवून विचारलं.

"बघितलं, गुरुजी. तासाभरात मेसेज आला त्याचा. 'मस्त खेळला बे. डावी बाजू जरा उघडी पडत होती, तेवढं बघ.'"

"तू काय लिहिलं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"दीड वर्ष झालं... काहीच नाही."

त्यानंतर हळूहळू त्याचे अठराचे एकोणीस झाले, वीस झाले. नवा गडी चांगला होता, डावीकडे तोही असायचा. पण शत्रू दिसला की निर्भयचा अंगठा क्षणभर थबकायचा. कशासाठी, ते त्याला आजवर कळलं नव्हतं. मग एके दिवशी त्याच प्रशिक्षकांनी त्यालाही बोलावून घेतलं.

भन्तेजींनी झाडू भिंतीला टेकवला.

"त्याला सांगितलं हे?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच."

निर्भयनं तासाभरात मोटारसायकल काढली.

तो परतला तेव्हा उन्हं कलली होती. मी त्याला टेकडी चढताना पाहिलं आणि मला बरं वाटलं. पोरगा जवळजवळ पळत येत होता. वंदन करून उठायच्या आतच त्यानं बोलायला सुरुवात केली.

"सापडलं, भन्तेजी!"

पलाश गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये कामाला होता. मिलच्या फाटकाशी धानाच्या गाड्यांची रांग लागते. आत कोणती गाडी वजनकाट्यावर घ्यायची ते भोंग्यावरून पुकारायचं, हे त्याचं काम. निर्भय रस्त्यावरच होता तेव्हा त्याला आवाज ऐकू आला. 'अठ्ठेचाळीस बावीस, काट्यावर घ्या. डावीकडून या, डावीकडून.'

"मी गाडी तिथंच बंद केली.  मग आत गेलो."

"मग?"

"त्यानं बघितलं. म्हणाला, अबे, तू! चहा सांगितला. मी काही बोलायच्या आधीच विचारलं त्यानं, हैदराबादची ट्रायल कधी आहे? त्याला सगळं माहीत होतं, भन्तेजी. माझी एकूणएक मॅच बघितली आहे त्यानं. म्हणाला, तू बावीसवर काहून गेला, मला माहीत आहे."

निर्भयनं खिशातून मोबाइल काढला आणि भन्तेजींसमोर धरला, जणू त्यांना त्यातलं कळणार होतं.

"हे बघा. शत्रू दिसला की पडदा हलकासा डावीकडे जातो आणि परत येतो. केसाएवढा. मला कधी दिसलंच नाही! प्रशिक्षकांनाही नाही. पलाश म्हणाला, तू डावीकडे बघतो. तिथं आता कोणी नाही ना बे. बघू नको."

"असं म्हणाला?"

"हो! मिलच्या मागं पोत्यांवर बसून तीन तास सराव करून घेतला माझ्याकडून. तो मध्ये मध्ये जाऊन गाड्या पुकारून यायचा. शेवटी शेवटी एकोणीस लागत होते. एकोणीस, गुरुजी!"

मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. आता वाटतं, मारायला नको होती.

भन्तेजी मात्र त्याच्याकडे नुसतं बघत होते.

"आणखी काही बोलला तो?"

"नाही. म्हणाला, जा, अंधाराच्या आत पोच."

"तू?"

"मी निघालोच. आता इथंही थांबत नाही, भन्तेजी. हैदराबादला जाऊन सराव करतो. तुमचे उपकार आहेत."

त्यानं पुन्हा वंदन केलं. भन्तेजी एवढंच म्हणाले, "सुखी हो." मोटारसायकलचा आवाज खाली डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ते दारात उभे होते.

त्यानंतर तो आला तो थेट पावसाळ्यात, वर्षावासात. दुपारची वेळ होती, पाऊस नुकताच उघडला होता. या वेळी मोटारसायकल नव्हती, नागपूरच्या बसनं आला होता. नव्या संघाच्या करारात दुचाकी चालवायला मनाई होती, हाताला काही होऊ नये म्हणून. अंगात संघाचा सदरा, पाठीवर नाव. वर्तमानपत्रात त्याचा फोटो मी पाहिला होता. चाचणीत तो पहिला आला होता.

मी अभिनंदन केलं. तो कसनुसं हसला.

"किती लागतात आता?" भन्तेजींनी विचारलं.

"सतरा."

"मग झालं की."

"...ऐकू येत नाही, भन्तेजी."

"काय?"

"तो आवाज. डावीकडे बघणं मी बंद केलं. दहा-बारा दिवसांत जमलं. सतरा लागायला लागले, आणि आवाज गेला." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "आधी वाटलं, बरं झालं. पण आता तिथं काहीच नाही. चौघं खेळतो, तिघं कानात बोलत असतात, आणि मी एकटा असतो. जिंकलो त्या दिवशी सगळे नाचत होते. मी हेडफोन काढलाच नाही. वाटलं, आता येईल."

भन्तेजींनी तांब्यातलं पाणी त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं ते घेतलं नाही.

"मला तो परत पाहिजे. बावीस लागले तरी चालतील."

"तू त्याच्याकडे गेला होता कशाला?"

"कधी?"

"त्या दिवशी. इथून निघाला तेव्हा."

निर्भयनं मान खाली घातली.

"माफी मागायला."

"मागितली?"

पागोळ्या गळत होत्या. 

"तो बोलायला लागला, भन्तेजी... त्यानं चूक दाखवली. मला इतकं हलकं वाटलं, वाटलं सगळं मिटलंच. हैदराबादच्या गाडीत बसलो, डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि आठवलं. की मी ते बोललोच नाही." त्यानं तांब्या बाजूला सारला. "तीन तास होतो मी तिथं. तीन तास!"

"मग?"

"फोन केला. उचलला नाही. नंतर परत केला. निवड झाल्यावर केला. मेसेज लिहितो आणि पुसतो. काय लिहू? दीड वर्षानं माणूस येतो, आपलं काम करून घेतो आणि जातो. त्याला तसंच वाटत असेल ना?"

 भन्तेजींनी विचारलं,

"त्याचा अंगठा कसा आहे?"

निर्भयनं वर पाहिलं.

मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही अंगठे त्यानं मुठीत दडवले.

"मी विचारलं नाही."

मी तिथून उठून जाणार होतो. पण पाय उचलेना. त्या दिवशी तो पळत पळत आला तेव्हा हा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

"चहाचा कप त्यानं डाव्या हातानं धरला होता," निर्भय अगदी हळू म्हणाला. "आता आठवतं. माझा मोबाइल त्यानं एकदाही हातात घेतला नाही. नुसता बोलून शिकवत होता. मला दिसलं होतं ते... पण मी माझे आकडे बघत होतो."

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

नंतर त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. रात्री आठला नागपूरहून त्याचं विमान होतं. उद्यापासून संघाचं शिबिर. आज पोचलं नाही तर दुसरा गडी तयारच आहे, असं त्याला बजावलेलं होतं.

"अर्धा तास आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "बसू द्या मला, भन्तेजी. तुम्हीच म्हणाला होता, बघ त्यात काय आहे. त्या वेळी बसलो तेव्हाच तर तो ऐकू आला होता. या वेळी दबा धरणार नाही, खरंच बसेन."

कोपऱ्यातलं आसन त्यानं स्वतःच आणलं. बुद्धमूर्तीसमोर अंथरलं, सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि गुडघे टेकायला वाकला.

भन्तेजी पुढं झाले. त्यांनी आसनाचं टोक धरलं आणि त्याच्या गुडघ्यांखालून ते ओढून घेतलं. सावकाश गुंडाळलं. काखेत धरलं.

निर्भय ओल्या फरशीवर तसाच ओणवा राहिला.

"भन्तेजी..."

भन्तेजी दारातून खाली रस्त्याकडे बघत होते.

"गोंदियाची बस साडेतीनला असते."